पॉली आफ्टरटच स्वस्तात: तीन महिन्यांनी गंधार हलला एकदाचा

मागे म्हटलं होतं तसं मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला किंवा सिंथला सूर कळवणारा) घ्यायचा होता, बजेट 15,000 रुपये आणि हट्ट एकच, प्रत्येक पट्टीला स्वतःचा आफ्टरटच पाहिजे, म्हणजे धरलेली पट्टी आणखी दाबली की फक्त तिचाच सूर बदलावा. यालाच पॉली आफ्टरटच म्हणतात. आता सांगण्यासारखं थोडं जमलंय म्हणून लिहितोय.

हट्ट कशासाठी, तर डाव्या हाताने सा-प धरून उजव्या हाताने दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं आंदोलन, म्हणजे सूर हळूच झुलवणं, घ्यायचंय. साध्या आफ्टरटचमध्ये, म्हणजे चॅनेल प्रेशरमध्ये, कुठलीही पट्टी दाबली तरी त्या चॅनेलवरचे सगळे सूर हलतात, गंधाराबरोबर सा पण डुगडुगतो, आणि सा हलला की मग राहिलंच काय. कीबोर्ड स्प्लिट करून, म्हणजे दोन भागांत वाटून, दोन चॅनेल केले, तेही चाललं काही दिवस, पण उजव्या हातात दोन सूर एकत्र आले की परत तेच.

पहिली खरेदी फसली. जाहिरातीत नुसतं ‘आफ्टरटच’ लिहिलेलं, मी विचारलं नाही, घरी आणून मिडी मॉनिटर (कीबोर्डकडून येणारे मेसेज आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला तर सगळे मेसेज डी0 ने सुरू होणारे. पॉली असेल तर ए0 ते एएफ यातलं काहीतरी दिसतं आणि सोबत नोट नंबर पण येतो, डी0 मध्ये नोट नंबर नसतोच. सेकंडहँड घेणाऱ्यांनी लॅपटॉप घेऊनच जा, दोन पट्ट्या धरून एकच जोरात दाबून बघा, दोन मिनिटांत कळतं.

नवीन मध्ये कोर्ग कीस्टेज आणि नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची कंट्रोल एस मार्क 3, दोन्ही 2023 चे, दोन्ही मस्त पण माझ्या बजेटबाहेर. हायड्रासिंथ एक्सप्लोररवर जीव होता, 37 छोट्या पट्ट्या, बॅटरीवर चालतो, पण तो अख्खा सिंथ आहे, पैसे आवाजाचे पण मोजावे लागतात. 1977 च्या यामाहा सीएस-80 चं नाव या विषयात निघतंच, पण ते धूड सुमारे 100 किलोचं, आपल्या जिन्यातून वर येणार नाही.

शेवटी सीएमई एक्सकी 25 सेकंडहँड मिळाली, 8,000 ला. ॲल्युमिनियमची, जेमतेम 16 मिलिमीटर जाड, पट्ट्या रुंदीला पूर्ण साइझच्या पण खाली फारशा जात नाहीत, त्यामुळे पियानोवाल्यांना आवडेलच असं नाही. मला हार्मोनियमची सवय, मला चालतंय. आणि हो, मॉनिटरमध्ये ए0 दिसलं तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो.

आवाजासाठी सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ, फुकट आहे आणि त्यात पॉली आफ्टरटच वेगळा मॉड्युलेशन सोर्स म्हणून मिळतो, म्हणजे आवाजातली हवी ती गोष्ट त्याने हलवता येते. तो पिचला जोडला, पण उलटा! दाबलं की सूर चढणार असंच आपण धरून चालतो, पण दरबारीत गंधार रिषभाकडे झुकतो, म्हणून व्हॅल्यू मायनस, साधारण 80 सेंट (100 सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). मिडीत दाब 0 ते 127 असा मोजला जातो, त्यात ते वाटलं की एक पायरी 0.63 सेंटची होते, कानाला पायऱ्या लागत नाहीत. काळी एकचा सा-प धरला, पांढरी तीन हळूहळू दाबली-सोडली, आणि सा-प तसूभर हलले नाहीत. अर्धा तास तेवढंच करत बसलो.

बाजूला एक प्रयोग पण चालू आहे, टीन्सी बोर्ड (छोटा मायक्रोकंट्रोलर), व्हेलोस्टॅट या दाबाने रोध बदलणाऱ्या प्लॅस्टिकचे तुकडे, तांब्याची टेप आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर, अशा पाच पट्ट्या केल्यात. मेसेज पाठवायला usbMIDI.sendAfterTouchPoly एवढी एकच ओळ लागते, डोकेदुखी आहे ती व्हेलोस्टॅटची, दाब सोडला तरी रीडिंग लगेच मूळ जागी येत नाही. म्हणून आता पट्टी खाली गेली त्या क्षणाचं रीडिंग शून्य धरतो, तेव्हापासून बरंच सुधारलंय, फक्त चौथी पट्टी अजून उशिरा सोडते, तिथे टेपखाली हवा राहिलीय असं वाटतंय. शनिवारी उघडून परत चिकटवणार.

पुण्यात कोणाकडे कीस्टेज असेल तर एक संध्याकाळ हात लावून बघायचाय, चहा माझ्याकडून.