रक्ताचा पीएच आणि जीवशास्त्राचा नवा विद्यार्थी

बारावीनंतर जीवशास्त्र निवडणाऱ्या अनेकांना रसायनशास्त्र सुटल्याचा आनंद होतो. तो फार काळ टिकत नाही, कारण पेशीचा अभ्यास पाणी आणि पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे याचे माप, यांच्यावाचून पुढे सरकतच नाही. अणू, आयन आणि सहसंयुज बंध यांची उजळणी लवकर उरकता येते. पीएचपाशी मात्र सावकाश थांबावे, असे माझे मत आहे.

डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलेली ही श्रेणी लघुगणकीय आहे, म्हणजे पीएच एका अंकाने घटला की हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातील प्रमाण) दहापट वाढते. माणसाच्या धमन्यांतील रक्ताचा पीएच साधारणपणे ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर घसरण किरकोळ वाटते. प्रत्यक्षात आयनांची संहती लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोलवरून ८० वर, म्हणजे दुप्पट झालेली असते. प्रथिनांवरील विद्युतभार या आयनांनुसार बदलत असल्यामुळे विकरांचे (पेशीतील अभिक्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनांचे) कार्य त्यातून बिघडू शकते.

हे रोखण्यासाठी रक्तात बायकार्बोनेट आणि कार्बोनिक आम्ल यांची जोडी असते. आम्ल वाढले की बायकार्बोनेट हायड्रोजन आयन पकडते, त्यातून कार्बोनिक आम्ल व पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि तो वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. निरोगी माणसाच्या श्वसनाचे नियंत्रण एरवी ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडच अधिक करतो, हे पाठ्यपुस्तकांनी ठळकपणे सांगायला हवे. खर्च झालेले बायकार्बोनेट मूत्रपिंडे भरून काढतात. फुप्फुसे काही मिनिटांत प्रतिसाद देतात, तर मूत्रपिंडांना त्यासाठी काही दिवस लागतात.