झिजलेल्या रुपयावरचा अलिफ

नाण्यांचे फोटो काढायचं काम नागपूरच्या इतवारीतल्या एका नाणेसंग्राहकांच्या घरी होतं, भर मे महिन्यात. दोन नाणी, अगदी उलट स्वभावाची. एक पंचम जॉर्जचा चकचकीत रुपया, व्यास ३०.५ मिलिमीटर. दुसरा नागपूरकर भोसल्यांच्या काळातला, मुघल बादशहाच्या नावाचा. फारसी अक्षरं झिजलेली, वर सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा.

“भाऊ, जरा टूथपेस्टनं घासून देऊ का जी?” त्यांच्या मुलानं विचारलं. मी हात धरूनच थांबवलं. पेस्टमधल्या बारीक भुकटीचे ओरखडे कायमचे राहतात आणि जुन्या चांदीचा काळसरपणा गेला की नाण्याची किंमतही जाते. फक्त ब्लोअरनं, म्हणजे हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्यानं, धूळ उडवायची, नाणं कडेनं धरायचं.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा कॉपी स्टँडच्या उभ्या दांड्यावर, १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स खाली तोंड करून. सेन्सर नाण्याला समांतर आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नाण्याच्या जागी सपाट आरसा ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा कलवत राहायचं.

खिडकीतला कूलर भिंत हलवत होता आणि टेबल त्या भिंतीला टेकलेलं. स्क्रीनवर झूम केलं तर जॉर्जची दाढी थरथरताना दिसे. टेबल भिंतीपासून सोडवलं, स्टँडखाली रबरी मॅट घातली, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवलं. तरीही प्रत्येक शॉटला कूलर बंद करावाच लागला.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८; आकडा मोठा तसं छिद्र लहान. इतक्या जवळून एफ/१६ लावलं तर ते जवळपास एफ/२८ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शननं (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) सगळं मऊ पडतं. त्यापेक्षा फोकस ०.२ मिलिमीटरनं सरकवत काही फ्रेम घ्याव्यात आणि नंतर स्टॅक कराव्यात, म्हणजे त्यांचे स्पष्ट भाग जोडून एक फोटो करावा.

जॉर्जच्या रुपयासाठी लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये ४५ अंशांत काच धरली, फोटोफ्रेमची साधी पातळ काच. बाजूनं आलेला प्रकाश काचेवरून खाली नाण्यावर पडतो आणि सपाट भागावरून सरळ वर लेन्समध्ये परततो. मैदान, म्हणजे अक्षरांमागचा सपाट भाग, उजळ; अक्षरांच्या कडा काळ्या. मात्र जेमतेम दहावा हिस्सा नाण्यापर्यंत पोचतो, म्हणून एक्स्पोजर साडेतीन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश दुप्पट) वाढवावं लागतं. बाकीचा प्रकाश काचेतून आरपार जातो. समोर काळं मखमल नसेल, तर तो भिंतीवरून परतून काचेच्या दुसऱ्या बाजूनं लेन्समध्ये शिरतो आणि सगळ्या फोटोवर धुकं येतं.

झिजलेल्या रुपयावर हीच रचना फुकट गेली. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे उधळतो, उठाव सपाट दिसतो. तिथे काच काढली, छोटा एलईडी नाण्याच्या पातळीपासून जेमतेम १० ते १५ अंशांवर आणला आणि समोर पांढरं कार्ड लावलं. वरच्या बाजूनं प्रकाश दिल्यावर आडव्या रेषा लगेच उठल्या, पण ‘शाह’मधला अलिफ, म्हणजे उभ्या रेषेसारखं फारसी अक्षर, गायब! कारण साधं आहे: प्रकाश रेषेच्या लांबीला समांतर गेला की सावली पडतच नाही. एलईडी हळूहळू डावीकडे फिरवत नेला, तसा अलिफ पातळ सावली घेऊन वर आला. मीही श्वास रोखून बघत होतो. संग्राहक काकांनी भिंग बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ स्क्रीनच पाहत बसले.

दोन्ही दिशांचे फोटो वेगवेगळे दिले आणि प्रत्येकाखाली प्रकाश कुठून होता ते लिहिलं. कारण प्रकाश खालून आलेला असेल आणि ते माहीत नसेल, तर सराफाच्या खुणेचा खड्डा डोळ्यांना उठावासारखा दिसतो आणि वाचणारा त्याला अक्षर समजून बसतो.