आईला अंजुण्याला न्यायचंय

रविवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर हवा जागची हलली नाही. गोव्यात, आमच्या म्हापशात मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसलं तरी मानेवरून घाम ओघळतो, आणि त्यात आमचं पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं काम चाललेलं, तोरं (कोवळ्या कैऱ्या) मिठात चेपून झाली, सोलं (कोकमाच्या साली) गच्चीवर वाळतायत, मिरच्या अजून शुक्रवारच्या बाजारातून आणल्या तशाच पिशवीत. जेवताना आई सहज म्हणाली, माहेरी केरीला ह्या दिवसांत तिन्हीसांजेला न्हंयकडून, म्हणजे नदीकडून असा वारा यायचा की अंगणात झोपताना चादर घ्यावी लागायची. एवढंच बोलली आणि भातावर सासव घेतलं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच घोळतंय.

तर ठरवलं. आईला घेऊन सत्तरी तालुक्यातल्या अंजुणे धरणाला जायचं. एकच दिवस, सकाळी निघून संध्याकाळी घरी.

लांब काहीच नाही खरं तर. अस्नोडा, डिचोली, साखळी, पर्ये, केरी, पहाटे निघालं तर सव्वा दीड तासात पोचतो. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी ते पाणी आहे, तिन्ही बाजूंनी सह्याद्रीचे डोंगर उतरून आलेले आणि मधे शांत पसरलेलं, घाट चढताना वरच्या एका वळणावरून अख्खं दिसतं. बेळगावला जाताना कितीदा बघितलंय, दरवेळी गाडी थांबवू म्हणायचं आणि दरवेळी कोणाला तरी घाई असते.

ताईला फोन केला तर तिचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त, आणि दहा मिनिटांत तिनं यादी सुरू केली, वाटेत हरवळ्याच्या गुंफा बघू, पर्येला भूमिका देवीचं दर्शन घेऊ, विठ्ठलापूरला पाच मिनिटं उतरू, आणि एवढं गेलोच आहोत तर घाटात वरपर्यंत जाऊन येऊ. मी नको म्हटलं. ताईला वाईट वाटलं असणार, पण मला ह्यावेळी हे स्पष्ट बोलायचंच होतं. आईचे गुडघे आता चारदा गाडीतून उतरण्या-चढण्याचे नाहीत, आणि आपण प्रत्येक ठिकाणी पाच पाच मिनिटं करत गेलो की जिथे जायचं तिथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि सगळे भुकेले. देवळात पुन्हा जाऊ, त्यासाठी वेगळा दिवस काढू. ह्या दिवशी फक्त पाणी बघायचं आणि त्याच्याजवळ बसायचं. बसून राहणं हाच कार्यक्रम. शेवटी ताई हो म्हणाली, पण भूमिकेला गाडीतूनच हात जोडायचे असं ठरलं, ते मलाही बरं वाटलं.

वार बुधवार. रविवारी अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर तिकडच्याच एका ओढ्यावर गेलो होतो, रविवार होता, काठावर तीन तीन स्पीकर लावलेले आणि पाण्यात फुटलेल्या बाटल्या. माझ्या भाच्याच्या तळपायात काच गेली, केवढी खोल, साखळीला नेऊन टाके घालावे लागले. तो पोरगा रडला नाही पण मला आजही ते लाल झालेलं पाणी आठवलं की कसंतरी होतं. इतक्या सुंदर जागी माणसं काच का फोडतात मला खरंच कळत नाही. म्हणून बुधवार, म्हणून लवकर, आणि आपला कचरा आपल्या पिशवीत परत, शहाळ्याच्या स्ट्रॉसकट.

पोहायचा प्रश्नच नाही, हे मुलांना आजच सांगून टाकलं. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं पण काठ कुठे एकदम खोल जातो ते वरून कळत नाही, चिखलात पाय रुततो, आणि आजूबाजूला मदतीला कोणी नसतं. खाली कुठपर्यंत जाऊ देतात ते गेटवर विचारायचं आणि ते सांगतील तिथेच बसायचं.

दुसरी गोष्ट माकडताप. आमच्याकडचे लोक हे विसरतात पण सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला विचारा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा सापडला, आणि दहा वर्षांपूर्वी आपल्या सत्तरीतही साथ आली होती, माणसं गेली होती. गोचिडीतून होतो, आणि त्याचा मोसम म्हणजे हेच कोरडे महिने, पाऊस लागेपर्यंत. काजूत काम करणाऱ्यांना जास्त धोका कारण ते पाल्यापाचोळ्यातच दिवसभर असतात. घाबरून घरी बसायचं नाहीय, पण पाचोळ्यावर चादर अंथरून लोळायचं नाही, सगळ्यांनी पूर्ण बाह्या आणि मोजे, घरी आल्या आल्या साबण लावून गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. पुढच्या आठवड्याभरात कोणाला ताप आलाच तर डॉक्टरला आधी सांगायचं की आम्ही सत्तरीत जाऊन आलो. आईसाठी घडीची खुर्ची नेणार, ती मेल्यावरही खाली बसायची सवय सोडणार नाही पण खुर्चीत बसवणार.

खाणं साधं. पोदेर (पाववाला) पहाटे येतो त्याच्याकडून वीस उंडे (गोल पाव), पातळ भाजी डब्यात, दुपारला पेज थर्मासमध्ये आणि त्याबरोबर मागच्या वर्षीची चेपणीची तोरं. आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं सरबत दोन बाटल्या. मानकुराद आंबा आता जरा खाली आलाय दरात, डझनभर घेते. येताना वाटेत कोणी पानाच्या द्रोणात चुर्नां, करवंदं अशी रानफळं घेऊन बसलेलं असलं तर घ्यायचीच, मुलांनी चुर्नां अजून खाल्लेलीच नाहीत हे मला काल कळलं आणि फार वाईट वाटलं.

हे सगळं वहीत लिहून झालं आणि मग संध्याकाळी मी आईला सांगायला गेले. खरं म्हणजे मला भीती होती ती नको म्हणेल. तिचं माहेर केरीचं, आजोबांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, अंजुण्याच्या वाटेवर होतं, लहानपणी काजूचे बोंडू गोळा करायला ही भावंडं पहाटे जायची आणि दुपारी न्हंयत डुंबून परत यायची. नदीला ती कधी नावानं बोलावत नाही, नुसती न्हंय. लग्न होऊन म्हापशाला आली आणि मग धरणाचं काम निघालं. १९८९ साली धरण पुरं झालं. अंजुणे गाव पाण्यात गेलं, तिथली माणसं मोर्लेगडला जाऊन राहिली. त्या पाण्यावर सत्तरी-डिचोलीतली शेतं, बागायती भिजतात, हे ती स्वतःच सांगते, धरणाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. पण ह्या सगळ्या वर्षांत ती तिथे उतरून गेलेली नाही. बेळगावला जाताना त्या वळणावर ती पिशवीत काहीतरी शोधायला लागते, ते मी बघितलंय.

मी म्हटलं, आई, बुधवारी अंजुण्याला जाऊया, फक्त बसायला.

ती सोलं उलटत होती. एकेक सोल उचलून, बोटानं दाबून, ओलसर असेल तर वेगळं ठेवत होती, तिची बोटं जांभळी झालेली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता पाणी किती असेल गो?"

मी म्हटलं, मे आहे, कमीच असणार, म्हणूनच मी म्हणत होते की पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पण जाऊ शकतो, तेव्हा भरलेलं असतं, छान दिसतं.

"भरलेलं नको," ती म्हणाली. "उतरलेलं बघायचंय मला. उतरलं की आमची वाट दिसते काय बघूया. भाटाखालून न्हंयवर जायची."

मला काही सुचलंच नाही. मी इतके दिवस त्या तळ्याचा फोटो डोक्यात घेऊन बसले होते, हिरवे डोंगर आणि काठोकाठ निळं पाणी, आणि काठाला सुकून भेगाळलेला चिखल दिसतो, उन्हात पापडाच्या कडा वळतात तशा त्याच्या कडा वळतात, ते मला उगाच उणं वाटत होतं. तिला तोच भाग बघायचाय.

मग बुधवार रद्द. आईच म्हणाली की अजून पंधरा दिवस थांब, पाणी अजून खाली जाईल, फक्त पाऊस लागायच्या आत. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतोच, आणि घाटाकडे वळीव त्याच्याही आधी. म्हणजे सत्तावीस मे, तोही बुधवारच. ह्यांना रजा बदलायला सांगितली, काही न बोलता बदलतो म्हणाले.

केरीच्या मामेभावाला आत्ताच फोन केला. तो म्हणाला, बाय, काठ बराच उघडा पडलाय, पण भाटाखालची बाजू इथून दिसत नाही, उद्या सकाळी दूध घालून आलो की पलीकडून जाऊन बघतो आणि फोटो पाठवतो. आईला सांगितलं तर तिनं माझा फोन चार्जिंगला लावलाय, तिच्या उशीजवळच्या प्लगला.