मायनस बॉडीला जोडला आणि...

"बल्ब होता तेव्हा यापेक्षा जास्त दिसायचं हो," सायकल स्टँडला लावता लावता काका म्हणाले. २२ इंची काळी सायकल, मागच्या चिमट्याला बाटलीसारखा डायनॅमो, त्यावर '६ व्होल्ट ३ वॅट' कोरलेलं. पुढचा २.४ वॅटचा आणि मागचा ०.६ वॅटचा बल्ब काढून कुणीतरी एलईडी बसवून दिले होते.

पत्र्याचा दिवा उघडला. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन पांढरे पॉवर एलईडी सिरीजमध्ये (एकामागे एक), १एन४००७ चे चार डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) ब्रिजमध्ये, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या जोडणीत, आणि २२०० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्टचा कपॅसिटर. वरवर पाहता चूक काढायला जागा नव्हती. डायनॅमो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट देतो, आणि वेग वाढला तरी त्याचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास अडतो, कारण व्होल्टेज वाढतं त्याच प्रमाणात गुंडाळीचा अडथळाही वाढतो. म्हणून करंट आवरणारं वेगळं ड्रायव्हर सर्किट लागत नाही. दोन एलईडी मिळून साधारण ६.४ व्होल्ट घेतात, म्हणजे डायनॅमोला बल्बइतकाच भार. (एक बल्ब उडाला की पाठोपाठ दुसरा उडायचा, तोही याच स्वभावामुळे. सगळा करंट उरलेल्या बल्बमधून जायचा.)

मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून एलईडीच्या सिरीजमध्ये लावला आणि हाताने पेडल मारलं. ०.२३ अँपिअर. जोर लावून फिरवलं तरी ०.२४. बरोबर निम्मा. पण डायनॅमो पूर्ण भार असल्यासारखा जड फिरत होता, म्हणजे उरलेला करंट कुठेतरी जात होता.

मग मीटर डायोडच्या खुणेवर घेतला. एक टोक डीसीच्या मायनसला, दुसरं फ्रेमला. इथे एका बाजूने डायोडचा ड्रॉप (त्याच्यावर पडणारं व्होल्टेज) दिसायला हवा आणि उलट बाजूने काहीच नाही. मीटर दोन्ही बाजूंनी ०.०००, म्हणजे मायनस आणि फ्रेम थेट जोडलेले.

बल्बच्या जोडणीत एकच वायर असते आणि परतीचा रस्ता फ्रेम. डायनॅमोच्या क्लॅम्पमधला टोकदार स्क्रू रंग फोडून लोखंडाला टेकतो तो त्याच्यासाठीच. म्हणजे फ्रेम हे एसीचं एक टोक आहे. ब्रिज बसवल्यावर त्यापासून निघणारा मायनस ही फ्रेमपेक्षा वेगळी वायर झाली, पण ज्याने काम केलं त्याने जुन्या सवयीने मायनस दिव्याच्या बॉडीला डाग लावून जोडला होता. त्यामुळे ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट. एसीच्या एका अर्ध्या फेरीत करंट एलईडीतून जातो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत उरलेल्या एका डायोडमधून थेट डायनॅमोत परत. काही जळत नाही, वास येत नाही. डोळ्यालाही कळत नाही: या डायनॅमोचा रोलर ताशी १५ किलोमीटरला सेकंदाला ६० फेरे घेतो, आठ ध्रुवांच्या चार जोड्यांमुळे सेकंदाला २४० ठोके मिळतात. हब डायनॅमो (चाकाच्या मधोमध बसणारा, चाकाइतकाच हळू फिरणारा) असता तर दिवा ठळक मिचमिचला असता आणि चोरी लगेच पकडली गेली असती.

मायनस बॉडीपासून सोडवला, पट्टीखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचे वॉशर घातले. ०.४६ अँपिअर. पुढचा दिवा लख्ख. आणि त्याच क्षणी मागचा लाल मंदावला! त्याचा परतीचा रस्ता अजून फ्रेममधूनच होता, म्हणून आता तो अर्ध्या फेरीतच पेटत होता. मडगार्डच्या कडेने दोनपदरी वायर ओढली: दोन लाल एलईडी सिरीजमध्ये, १२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे २० मिलीअँपिअर.

दिवा उघडलाच होता म्हणून डायोडही बदलले. १एन४००७ च्या जोडीत दीड व्होल्टच्या वर जातात, शॉटकी (कमी व्होल्ट खाणाऱ्या) १एन५८१९ च्या जोडीत पाऊण. वेगात याने काडीचा फरक पडत नाही, करंट तोच राहतो. फायदा सुरुवातीला: दिवा पायी चालण्याच्या वेगापासूनच पेटतो. मात्र हे डायोड ४० व्होल्टचे. एलईडीची वायर सुटली तर मोकळा डायनॅमो उतारावर त्याच्याही वर जाऊ शकतो. १६ व्होल्टचा कपॅसिटर तर त्याआधीच फुगतो. म्हणून प्लस-मायनसवर ९.१ व्होल्ट ५ वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की करंट स्वतःतून वळवणारा डायोड) टाकला, उलट्या दिशेने, आणि कपॅसिटर ३५ व्होल्टचा. झेनर तापतो आणि त्याची उष्णता तारांमधूनच बाहेर जाते, म्हणून तारा आखूड ठेवून तांब्याच्या रुंद पट्टीला डाग लावावा.

जुना रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी वळवलेला असतो. एलईडी समोरच फेकतो, त्यामुळे निम्मा उजेड झाडांवर जात होता. प्रत्येक एलईडीवर लेन्स चिकटवली आणि झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकेल असा दिवा झुकवला.

"आता डायनॅमो हलका झाला का?" काकांनी विचारलं. नाही, तेवढाच जड लागेल, म्हटलं. दिव्याच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवलं: 'मायनस बॉडीला जोडू नये.'