जांभळा शर्ट

आज शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला, मिशिगन सरोवराच्या काठावर उभारलेल्या तात्पुरत्या मैदानात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहून आलो. घरून निघताना कॉलरपाशी विरलेला, संघाच्या रंगाचा जांभळा शर्ट हातात घेतला आणि तो घालावा की नाही, या विचारात बराच वेळ कपाटासमोर उभा राहिलो.

२०२२ मध्ये हा संघ १२ पैकी ११ सामने हरला, तेव्हा मी कुरकुर न करता प्रत्येक सामना पाहिला. हरणे सहन होते. परंतु जुलै २०२३ मध्ये, नव्या खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये लैंगिक स्वरूपाचे, मानहानीकारक प्रकार सोसावे लागल्याची माहिती विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापली, तेव्हा खरोखर पायाखालची जमीन सरकली. प्रशिक्षक पॅट फिट्झगेराल्ड यांना आधी दोन आठवड्यांचे निलंबन झाले आणि काही दिवसांतच बडतर्फी. पुढे त्यांनी विद्यापीठावर लावलेल्या दाव्यात ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कोणा खेळाडूने त्यांना हे प्रकार कळवले किंवा त्यांनी ते खपवून घेतले असे पुराव्यांतून सिद्ध होत नाही, असे विद्यापीठानेच मान्य केले. मग ज्या मुलांनी सोसले, त्यांचे काय, हा प्रश्न मला आजही छळतो.

आपल्याकडे याला रॅगिंग म्हणतात आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. इथे मात्र ‘संघभावना’ या गोंडस नावाखाली ते वर्षानुवर्षे खपून जाते, याची मला मनस्वी चीड येते.

शर्ट शेवटी घातला. समोरून अठरा-एकोणीस वर्षांची नवी मुले धावत मैदानात आली, तेव्हा टाळ्या वाजवताना मी त्यांचे चेहरेच न्याहाळत होतो.