मुंबई ते चिपळूण बाईकने: शॉकअप बदलण्याआधी हे वाचा

कोकणात बाईक न्यायची म्हणून कोणी तुम्हाला नवे शॉकअप खपवायला लागला, तर त्याने तुमचं वजन विचारलं का एवढंच बघा. नसेल विचारलं तर हेल्मेट उचला आणि निघा. मला कोणी विचारलं नाही. माझं वजन 94 किलो, मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. हे सगळं समोर दिसत असताना दुकानदाराचा एकच धोशा होता: "साहेब, गॅसवाले टाका, सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल."

गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक 350, नव्या इंजिनाची. पुढे 41 मि.मी.चा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय, आत स्प्रिंग आणि तेल), 130 मि.मी. ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जायची जागा, मागे दोन शॉकअप आणि त्यांना सहा टप्प्यांचं प्रीलोड, म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. मागचे कंपनीचे शॉकअप काढून सोनेरी रंगाचे, बाजूला जादा तेल-गॅसचा डबा असलेले बसवले. साडेआठ हजार, वर फिटिंगचे सहाशे. पुढच्या फोर्कमध्ये "जाड ऑइल" टाकून दिलं. ऑइलचा डबा बघितला तर 20डब्ल्यू50, म्हणजे सरळ इंजिन ऑइल. विचारलं तर म्हणे, "ऑइल ते ऑइल, आता बघा कसं टाइट झालं." बिलात फोर्क ऑइलचा भाव लावला होता, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या गल्लीत एक चक्कर मारून बघितली आणि गाडी खरोखरच छान वाटली. वीसच्या वेगाने कुठलीही गाडी छानच वाटते.

पहाटे निघालो. अटल सेतू आणि एक्सप्रेसवे दोन्ही दुचाकीला बंद, त्यामुळे सायन-पनवेल, पळस्पे फाटा, कर्नाळा हाच रस्ता. वडखळपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. वाईट काय ते इंदापूर ते माणगाव. त्याच्या अलीकडच्या, मुंबई-गोवा महामार्गावरच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात घातला होता. त्यानंतर किती गणपती आले नि गेले ते चाकरमान्यांना विचारा. इंदापूर-माणगाव पट्ट्यात मोठा खड्डा त्रास देत नाही, तो दिसतो. त्रास देतात ते लागोपाठचे, हातभर अंतरावरचे, वर खडी टाकून बुजवलेले आणि पुन्हा उखडलेले. पुढचं चाक खड्ड्यातून वर यायला तयार नाही आणि मागचं खाली राहायला तयार नाही, अशी अवस्था. हँडल मनगटात ठोसे मारत होतं, आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला बायको सीटवरून उडत होती. माणगाव यायच्या आत तिने "मी एसटीने जाते, तू ये मागून" असं दोनदा सांगितलं. तिचं चुकलं नव्हतं.

माणगावात एका टपरीवजा गॅरेजसमोर थांबलो. तिथल्या काकांनी आधी मागची सीट दाबली आणि सोडली. गाडी फाडकन वर आली आणि एकदा डुलली. मग पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं. फोर्क खाली गेला आणि हळूहळू वर आला, दाराच्या क्लोजरसारखा. "पुढे काय इंजिन ऑइल भरलंय काय?" मग त्यांनी मागच्या शॉकअपच्या डब्याला हात घातला. डबा शॉकअपला नुसता चिकटवलेला. आतून तेलाला यायजायला वाटच नाही, वरचं झाकण बोटाने फिरत होतं. "ह्यात हवा पण नाही दादा, नुसती शोभा." त्यांनी हुक पान्याने मागची रिंग सैल केली, ती दुकानाने शेवटपर्यंत आवळून ठेवली होती. पन्नास रुपये घेतले. मी शंभर दिले.

आता मुद्द्याचं. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज मुंबईतल्या निम्म्या गॅरेजांचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, गाडी फक्त उंच बसते. शेवटपर्यंत आवळली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, मग खड्डा आला की चाक खाली उतरण्याऐवजी अख्खी गाडी उतरते. बघायचं असतं ते सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते. एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तीस टक्के. या गाडीला पुढे 130 म्हणजे 39 मि.मी.च्या आसपास.

मोजायला दोन माणसं आणि एक टेप लागते. मागचं चाक सेंटर स्टँडवर अधांतरी ठेवा, अॅक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करून पुन्हा. मग जॅकेट, हेल्मेट, मागचा माणूस, बॅगा सगळ्यासकट बसून पुन्हा. पहिल्यातून तिसरं वजा केलं की सॅग. दुसरं माप कोणी घेत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. तुम्ही बसल्यावरचा सॅग बरोबर, पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम बसते, तर तुमची स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि तुम्ही ती आवळून काम भागवताय. रिकामी गाडीच बरीच खाली बसत असेल तर उलट, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. पुढच्या फोर्कला वरच्या नळीवर एक झिप टाय बांधा, बसा, अलगद उतरा, ती किती सरकली ते मोजा. फोर्कला बाहेरून अॅडजस्टमेंट नाही, जे करायचं ते आत स्पेसर (स्प्रिंग दाबून ठेवणारा नळीचा तुकडा) टाकून किंवा स्प्रिंग बदलून.

परत आल्यावर मी कंपनीचेच शॉकअप पुन्हा चढवले. फोर्क पूर्ण रिकामा करून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ऑइल, लिहिलेल्या मापाने, दोन्ही पायांत सारखं. कॅनवरच्या आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका, एका कंपनीचं 10डब्ल्यू दुसऱ्याच्या 10डब्ल्यूइतकंच घट्ट असेल असं नाही. दोघं असू तेव्हा मागच्या शॉकअपला पाचवा टप्पा, एकटा असेन तर तिसरा. पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. खड्डे तेच, गाडी मात्र एकेका खड्ड्यातून सरळ बाहेर पडत होती. बायकोने एसटीचं नाव काढलं नाही. या सगळ्याला दोन हजारही लागले नाहीत, म्हणून डोक्यात अजून राग आहे.

मग अपग्रेड करायचंच नाही का? करा, पण आधी सॅग मोजा. नव्वदच्या वर वजन आणि नेहमी डबलसीट असाल तर शेवटच्या टप्प्यावरही सॅग जास्त भरू शकतो, तसा भरला तरच कडक स्प्रिंग घ्या. ओहलिन्स, वायएसएस यांच्याकडे वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडता येते आणि रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर यावा त्याचा, स्क्रू असलेले शॉकअपही मिळतात. महाग आहेत. नसेल परवडत तर मधला सोनेरी माल घेण्यापेक्षा कंपनीचाच नवा जोड बरा. एक इंच लांब शॉकअप "ग्राउंड क्लिअरन्ससाठी" कोणी सुचवला तर हात जोडा. गाडी पुढे झुकते, हँडल चंचल होतं, साइड स्टँडवर जास्त कलते. "शॉकअपला गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की निपल कुठे आहे? बंद शॉकअपला तो नसतो, आणि टायरवाल्याच्या नायट्रोजनचा त्याच्याशी काही संबंध नाही. गॅस भरायचा तर सर्व्हिस होणारा शॉकअप आणि तसं दाबाचं यंत्र लागतं.

पोलादपूरच्या पुढे रस्ता बरा. चिपळूण, गुहागर छान झालं.

निघणाऱ्यांसाठी एवढंच: सॅग बदलला की चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा. टायरची हवा पंपवाल्याच्या मर्जीने नको, मॅन्युअलप्रमाणे, दोघं असाल तर मागे जास्त. पावसातून आलात की फोर्कच्या सीलवरचा चिखल त्याच दिवशी पुसा. सील गळायला लागलं की आधी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी कापून कडेने फिरवा. बरेचदा कचराच अडकलेला असतो आणि गॅरेजवाला नवं सील लावून मोकळा होतो. आणि इंदापूर-माणगाव अंधारात करू नका, पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे ते कोणत्याच शॉकअपला आधी कळत नाही.