बादलीभर जैसलमेर

आम्ही नाशिककर पाणी मारुतीवर मोजतो. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की नुसती बातमी, कमरेला लागलं की सराफ बाजारात आवराआवर, गळ्याशी आलं की अख्खं गाव होळकर पुलावर. गोदावरीला आम्ही गोदावरी म्हणतच नाही, ती गंगा. 'गंगेवर जाऊन येते' म्हटलं आणि वार बुधवारचा असला, तर बाई भाजीला गेली असं समजायचं.

अशा गावची बाई जैसलमेरच्या प्रेमात पडली, यावर माझ्या जावेचा अजून विश्वास नाही. "तिथं आहे काय गं? वाळू?" वाळू तर मी फारशी पाहिलीसुद्धा नाही. जैसलमेरजवळच्या सम गावी वाळूच्या टेकड्यांवर एक संध्याकाळ घालवली, तेवढीच. जीपगाड्या, लाऊडस्पीकर, उंटांची रांग, एकूण गर्दी श्रावणी सोमवारच्या त्र्यंबकेश्वरासारखी. हे उंटावर चढले आणि उतरल्यावर कंबर धरून बसले, एवढाच त्या संध्याकाळचा वृत्तान्त.

प्रेमात पडले ती पहिल्याच सकाळी. जोधपूरहून रात्रीच्या गाडीनं पहाटे पोचलो. तिथं डिसेंबरात उजाडायलाच सव्वासात-साडेसात होतात. शेजारी निफाड असणाऱ्यांना थंडीचं कौतुक कुणी सांगू नये, पण रिक्षात मी ह्यांची माकडटोपी काढून घेतली. मग हळूहळू समोरच्या टेकडीवर किल्ला दिसायला लागला. सगळे त्याला सोन्याचा म्हणतात. मला विचाराल तर तो बेसनाचा आहे. लाडवाचं बेसन मंद आचेवर भाजत आणावं, आणि वास सुटायच्या जरा आधी कढईत जो रंग येतो, तो. किल्ला तसा, घरं तशी, नवी बांधलेली बँकही तशी. आमचा काळाराम काळ्या पाषाणाचा, वाडे काळ्या जोत्यांचे, घाटाच्या पायऱ्याही काळ्या. पन्नास वर्षं काळा दगड बघितलेल्या डोळ्यांना तो रंग बघून भूकच लागली.

रावल जैसलनं 1156 साली वसवलेल्या ह्या किल्ल्यात अजून माणसं राहतात. पहारेकरी वगैरे नव्हे, शाळेला उशीर झालेली पोरं आणि वाळवणं राखणाऱ्या आज्या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तर तिचा मान राखून कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरांच्या भिंतींवर गणपती रंगवलेला, खाली नवरानवरीची नावं आणि लग्नाची तिथी. म्हणजे पत्रिकाच भिंतीवर. लग्न उरकलं तरी ती पुसत नाहीत. एका भिंतीवर बऱ्याच वर्षांपूर्वीचं लग्न वाचताना मी उगाचच त्या नवरीच्या संसाराची काळजी करत उभी राहिले. ह्यांनी हाक मारली नसती तर दार वाजवून विचारलंही असतं.

आम्ही उतरलो होतो किल्ल्यातच, एका जुन्या घरात. खाली मालक, त्यांची बायको आणि आई, वर पाहुण्यांच्या तीन खोल्या. पहिल्याच दिवशी मी नाशिकच्या सवयीनं दोन अंघोळी केल्या, आणि संध्याकाळी न्हाणीघरात साड्या पिळत बसले. मालक काही बोलले नाहीत. पण त्यांच्या आई, म्हणजे माजीसा, अंगणात बसून माझ्या मोरीच्या पन्हाळीकडे बघत होत्या. सासूबाई उतू गेलेल्या दुधाकडे बघायच्या, तशा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी गट्टी जमली. लहानपणी त्या गडीसर तलावावरून डोक्यावर घागरी घेऊन किल्ला चढत. चौदाव्या शतकातला हा तलाव शहराला शतकानुशतकं पुरला. त्याच्या वाटेवर तिलों नावाच्या कलावंतिणीनं बांधलेली कमान आहे. राजाला ती खपेना, तेव्हा पाडता येऊ नये म्हणून तिनं वर कृष्णाचं देऊळ बसवलं, अशी गोष्ट सांगतात. मला ही बाई फार आवडली. पण माजीसांना तिलोंचं काही नव्हतं, त्यांच्या गोष्टीत घागरी किती आणि खेपा किती एवढंच.

मग ह्यांना राहवेना. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. त्यांनी फोनवर 2019 च्या ऑगस्टमधला गंगेचा पूर लावला. मारुती पाण्यात, घाटावरची देवळं पाण्यात, पुलावर छत्र्यांची गर्दी. कौतुकानं सांगू लागले, की आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला वर्षाचा मिळून 200 सुद्धा होत नाही. माजीसांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं, "इत्तो पाणी! पछै गयो कठै?"

एवढं पाणी, मग गेलं कुठं?

"जायकवाडीला," हे म्हणाले, आणि गप्प झाले.

नाशिककरानं गप्प व्हावं असाच तो शब्द. पावसाळा सरला की मराठवाड्यासाठी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं निघतं, आणि आमच्याकडे मोर्चे, कोर्ट, 'आमचं पाणी' सुरू होतं. मीही म्हटलंय 'आमचं पाणी', हातात वाहत्या नळाची नळी धरून. आता समोर बसलेल्या म्हातारीच्या नळाला जे पाणी येत होतं, ते थेट पंजाबातून. सतलज आणि बियास जिथं मिळतात तिथल्या हरिकेपासून निघालेला इंदिरा गांधी कालवा पार ह्या वाळवंटापर्यंत येतो. त्या वाटेवरही कुणीतरी 'आमचं पाणी' म्हणत असणारच. कालव्याच्या शेपटाला बसलेलं माणूस मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, तेही त्याच्याच घरात दोन अंघोळी करून.

आणखी एक गोष्ट मालकांनी सांगितली, तीही मी खोदून विचारल्यावर. हा किल्ला घागरीच्या हिशेबानं बांधलेला. नळ आले, आमच्यासारखे पाहुणे आले, शॉवर आले. जुन्या गटारांना ते पाणी झेपत नाही, ते टेकडीत मुरतं. खालची माती फुगते, सरकते. काही बुरूज, काही घरं ढासळलीही. म्हणजे वाळवंटातला किल्ला ओलीनं खचतोय, आणि त्याच्या प्रेमात पडून आत मुक्कामाला येणाऱ्यांचा त्यात हातभार. मी त्या रात्री ह्यांना म्हटलं, उद्यापासून एकच बादली. हे म्हणाले, थंडी एवढी आहे की मला अर्धीही चालेल. पुढचे तीन दिवस आम्ही एका बादलीत दोघं भागवत होतो. लग्नानंतर इतका काटकसरीचा संसार प्रथमच.

निघताना माजीसांनी केर-सांगरीची, म्हणजे वाळवंटातल्या फळांच्या आणि शेंगांच्या भाजीची, पुडी हातात ठेवली. वाळवलेली असते, रात्रभर भिजवावी लागते. घरी आल्यावर जावेला भाजी करून घातली. "गवारीसारखी लागते," म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

ह्या जुलैत मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. मी छत्री घेऊन पुलावर गेले, फोटो काढला, आणि पाठवावा की नाही ह्या विचारात बराच वेळ उभी राहिले. भरलेल्या घरानं ताट दाखवल्यासारखं वाटत होतं. शेवटी पाठवला. रात्री मालकांचं उत्तर आलं. गडीसरचा फोटो, बेसनी पायऱ्या, कडेला ओल्या दगडाची गडद रेघ. खाली लिहिलं होतं, माजीसा म्हणतात, आमच्याकडेही झाला. दोन पायऱ्या चढलंय.